वैरण पोटात किती, पायाखाली किती? गव्हाणीचा इतिहास

१/
युद्धांच्या इतिहासात तलवारी, तोफा आणि किल्ले यांची वर्णने भरपूर आढळतात, गवताची क्वचितच. तरीही यंत्रयुगापूर्वीचे प्रत्येक सैन्य आणि प्रत्येक शेत वैरणीवरच चालत होते. घोडा, बैल, उंट, खेचर यांना रोज लागणारा चारा हेच त्या काळाचे इंधन होते. चारा कापला किती, याइतकाच दुसरा प्रश्न महत्त्वाचा होता : त्यातला पोटात गेला किती आणि पायाखाली तुडवला गेला किती? हा धागा त्या हिशेबाचा आणि तो सांभाळणाऱ्या गव्हाणीचा आहे.

२/
मराठी वाचकाला या हिशेबाचा सर्वांत बोलका दस्तऐवज घरातच सापडतो. राज्याभिषेकाच्या सुमारास, १६७३-७४ मध्ये, शिवछत्रपतींनी चिपळूण परिसरात मुक्कामाला असलेल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना एक पत्र पाठवले. पावसाळा तोंडावर आला होता. कोकणातल्या पावसात घोडदळ हलत नाही; चार महिने जे साठवले असेल त्यावरच जनावरे जगवावी लागतात. रयतेला त्रास देऊ नका, या आज्ञेसाठी हे पत्र प्रसिद्ध आहे. मात्र त्याचा मोठा भाग दाणा आणि गवत यांच्या व्यवस्थेविषयी आहे, हे सहसा सांगितले जात नाही.

३/
पत्रातील पहिला मुद्दा मोजमापाचा आहे. पागेसाठी दाणा, गवत आणि शिधा मोठ्या कष्टाने गोळा केलेला आहे. आज आहे म्हणून वाटेल तसा उधळाल, तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडे उपाशी मरतील आणि ते तुम्हीच मारल्यासारखे होईल, असा त्याचा आशय आहे. उपाय म्हणून प्रत्येकाला नेमून दिलेला रोजचा शिधा आणि वैरण तेवढीच घेण्याची ताकीद दिली आहे. साठा संपतो तो भुकेपेक्षा बेहिशेबीपणामुळे, ही त्या आज्ञेमागची जाण आहे.

४/
दुसरा मुद्दा परिणामांचा. वैरण संपली की शिपाई गावात शिरतील. कोणी धान्य आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा, कोणी भाजी. मग कसाबसा तग धरून राहिलेला कुणबी गाव सोडून जाईल आणि लोकांना मोगलांपेक्षा तुम्हीच अधिक वाईट वाटाल, असे महाराज बजावतात. पागेत वाया गेलेल्या गवताची किंमत पागा भरत नाही. ती शेजारच्या गावाच्या गळ्यात पडते. नासाडीचा प्रश्न येथे काटकसरीपुरता उरत नाही, तो न्यायाचा होतो.

५/
तिसरा मुद्दा साठ्याच्या रक्षणाचा. कोणी भलत्याच जागी चूल पेटवील, कोणी वाऱ्याचा विचार न करता तंबाखूसाठी विस्तव नेईल, आणि एका खणाला लागलेली आग सगळ्या गंज्या खाऊन टाकील. रात्री दिवा जळत राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, इथपर्यंत बारकावा पत्रात आहे. एकदा गंजी जळली की कोणालाही कितीही दटावले तरी पावसाळ्यात गवताची काडी मिळणार नाही, हे त्यामागचे सत्य. राज्यकर्त्याने उंदराच्या वातीपर्यंत विचार करावा, यावरून त्या गवताचे मोल कळते.

६/
या मोलाचा अंदाज साध्या आकडेमोडीने येतो. देशी घोड्याला रोज सुमारे ७ किलो वाळली वैरण धरली, तर एक हजार घोड्यांना १२० दिवसांत ८४० टन लागेल. हा दप्तरातला आकडा नव्हे, केवळ समजण्यापुरता हिशेब आहे. त्यातली दर पाचवी पेंढी चिखलात गेली, तर हजार घोड्यांच्या साठ्यावर आठशेच घोडे जगतील. उरलेल्या दोनशेंसाठी एक तर बाहेरून गवत आणायचे किंवा त्यांना मरू द्यायचे. पत्रात वर्णिलेली साखळी नेमकी येथूनच सुरू होते.

७/
वैरण वाया जाण्याच्या वाटा मुख्यतः तीन. पहिली साठ्यातली : पाऊस, बुरशी, आग, उंदीर, वाळवी. दुसरी चारण्यातली : खाली पडलेला चारा पायांखाली जातो, शेणमुताने भिजतो. तिसरी निवडीची : जनावर कोवळा पाला वेचून खाते आणि जाड धाट सोडून देते. पहिल्या वाटेवर गंजी रचण्याची कला उभी राहिली, दुसरीवर गव्हाण आणि तिसरीवर कडबा कापण्याचे यंत्र. या तिन्ही युक्त्यांचा इतिहास वेगवेगळा आहे, पण शत्रू एकच.

८/
जनावर नासाडी का करते? मोकळ्या रानात गाय मान खाली घालून एक घास ओढते आणि एक पाऊल पुढे टाकते. तुडवलेले मागे राहते, ताजे पुढे असते. दावणीला बांधलेल्या गाईला पुढची जागाच नसते. ती घास ओढते, डोके उचलते, बाजूच्या जनावराला ढुशी देते; तोंडातला अर्धा चारा खाली पडतो आणि त्यावरच ती उभी राहते. शेणाचा वास लागलेले गवत ती सहसा हुंगून सोडते. म्हणजे स्वभाव रानाचा आणि जागा गोठ्याची, या विसंगतीतून नासाडी जन्मते.

९/
ही विसंगती प्राचीन भारतीयांनी ओळखली होती. कौटिल्याच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ‘अर्थशास्त्रा’त अश्वाध्यक्षाच्या कर्तव्यांचे प्रकरण आहे. या ग्रंथाच्या रचनाकाळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण त्यातली पागेची रचना स्पष्ट आहे. प्रत्येक घोड्याला स्वतंत्र जागा, खाली गुळगुळीत फळ्यांची जमीन, पुढे ‘खादनकोष्ठक’ म्हणजे खाण्याचा कप्पा, आणि मलमूत्र बाहेर जाण्याची सोय. अन्नाची जागा आणि घाणीची वाट यांची फारकत या एकाच विधानात केलेली आहे. चांगल्या गव्हाणीचे मूलतत्त्व याहून फारसे वेगळे नाही.

१०/
गव्हाण कधी कधी इतिहासकारांच्या वादातही साक्षीला उभी राहते. आजच्या इस्रायलमधील मगिद्दो येथे शिकागो विद्यापीठाच्या उत्खननात, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, खांबांच्या ओळी असलेल्या लांबट इमारती सापडल्या. खांबांच्या मधोमध चुनखडीच्या दगडात कोरलेल्या कुंड्या होत्या. त्यांवरून या राजा सॉलोमनच्या घोड्यांच्या पागा ठरल्या. पुढे त्यांचा काळ बहुतेकांनी इसवी सनापूर्वी नवव्या शतकापर्यंत किंवा त्याही अलीकडे आणला, तर काहींनी त्या कोठारे असल्याचे मत मांडले. पागा म्हणणाऱ्यांचा एक मोठा आधार मात्र त्या दगडी गव्हाणीच राहिल्या.

११/
मराठी ‘गव्हाण’ या शब्दाजवळ जाणारा ‘गवादनी’ हा शब्द संस्कृतात आहे. अर्थ, गाईंना चारा घालण्याचे पात्र. महाराष्ट्राच्या गोठ्यांत ती कुठे दगडमातीची, कुठे फळ्यांची, कुठे नुसत्या आडव्या ओंडक्याची असे. रूप कोणतेही असो, काम दोनच : चारा जमिनीपासून वेगळा ठेवणे आणि जनावराचे पाय चाऱ्यापासून दूर ठेवणे. पुढचा काठ जनावराच्या छातीशी येईल एवढा उंच आणि तळ पायांच्या पातळीहून थोडा वर, म्हणजे मान खाली घालूनच खावे लागते. मान खाली असली की घास उधळला जात नाही.

१२/
गव्हाणीत खाऊन उरलेल्या वैरणीला मराठीत ‘चघळ’ हा स्वतंत्र शब्द आहे. ज्या गोष्टीला शब्द असतो, तिच्याकडे समाजाचे लक्ष असते. चघळ फेकून दिली जात नसे. ती उकिरड्यात जाई, शेणाबरोबर कुजे आणि खत होऊन शेतात परते. म्हणून जुन्या शेतीव्यवस्थेत नासाडीला थोडी क्षमा होती. ही क्षमा संपत असे ती दोन ठिकाणी : दुष्काळात आणि लष्करी छावणीत. दुष्काळात पुढच्या वर्षीच्या खतापेक्षा आजचा घास मोठा असतो, आणि छावणीला स्वतःचे शेतच नसते.

१३/
चालत्या सैन्याची गव्हाणही चालतीच हवी. त्यावरचा उत्तर म्हणजे तोबरा : घोड्याच्या तोंडाला बांधायची पिशवी. तिच्यात हरभऱ्यासारखी चंदी भरून ती कानांमागून अडकवली की एकही दाणा जमिनीवर सांडत नाही आणि शेजारचा घोडा हिस्सा चोरू शकत नाही. प्रत्येक घोड्याच्या वाट्याचे मापही आपोआप ठरते. गवत मात्र तोबऱ्यात मावत नाही. म्हणून कूच करणारे दळ दाणा सोबत नेऊ शके, पण गवतासाठी त्याला रोज मुलूख शोधावा लागे.

१४/
तो मुलूख बंद झाला की काय होते, याचे उत्तर पानिपतावर मिळते. १७६० च्या नोव्हेंबरपासून मराठ्यांची छावणी तेथे अडकून पडली. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदीची आशा मावळली. चारा आणि जळण आणायला बाहेर पडणाऱ्यांवर अब्दालीच्या फौजेचे छापे पडू लागले. घोडे खंगले, मेले. १४ जानेवारी १७६१ रोजी जे सैन्य लढायला उभे राहिले, ते भुकेल्या माणसांचे आणि भुकेल्या जनावरांचे होते. येथे दोष नासाडीचा नव्हता, तुटवड्याचा होता. पण वैरणीच्या काडीची खरी किंमत अशा वेळीच उघडी पडते.

१५/
वाया जाण्याच्या तिसऱ्या वाटेवर, म्हणजे निवडीवर, उपाय अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये आकाराला आला. सुरीने पेंढा कापण्याची पेटी पूर्वीपासून होती. आता तिला चाक आणि फिरते पाते जोडले गेले. लांब गवत बारीक कापले की जनावराला पाला आणि देठ वेगळे करता येत नाहीत. तुकडे गव्हाणीबाहेर ओढून नेता येत नाहीत. शिवाय ते दाण्यात कालवता येतात. यंत्राने जनावराची भूक बदलली नाही, तिची निवड करण्याची सवड तेवढी काढून घेतली.

१६/
एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शहरांतल्या घोड्यांनी या यंत्राला मोठे गिऱ्हाईक दिले. लंडन जनरल ऑम्निबस कंपनीकडे सुमारे ६,००० घोडे होते. तिच्या तबेल्यांतील एक तुलना त्या काळच्या नियतकालिकांत गाजली. अखंड ओट आणि न कापलेले गवत खाणाऱ्या घोड्याला रोज ३२ पौंड खाद्य लागे. भरडलेले ओट आणि कापलेले गवत-काड खाणाऱ्याला २६ पौंड. घोडा तोच, ओझे तेच, आणि रोजची बचत ६ पौंडांची. हजारो घोड्यांच्या मालकाला हा फरक नफा-तोट्यातील सीमारेषा होता.

१७/
हेच यंत्र विसाव्या शतकात महाराष्ट्रात ‘कडबाकुट्टी’ म्हणून घरोघरी पोहोचले. ज्वारीचा कडबा उंच, खालचा भाग जाड आणि टणक. अखंड पेंढी टाकली तर बैल पाला आणि शेंडा खातो, बुडखे सोडतो. कुट्टी केली की बुडखाही पोटात जातो. हाताच्या चाकावरून हे यंत्र विजेच्या मोटरवर गेले. या सोयीची किंमतही मोजावी लागली : पात्यात बोटे गेलेली माणसे अनेक गावांत दिसतात. वैरण वाचवणाऱ्या यंत्राला हात वाचवणारे झाकण हवे, हे शहाणपण उशिरा आले.

१८/
आता दृश्य बदलते. अमेरिकेतील आयोवा राज्यात, पेला या गावी, गॅरी व्हर्मीर यांच्या कंपनीने १९७१ मध्ये गवताचे प्रचंड गोल गठ्ठे बांधणारे यंत्र आणले. तोवर २०-३० किलोंचे चौकोनी गठ्ठे हातांनी उचलून चारले जात. नवा गठ्ठा शेकडो किलोंचा. एक माणूस ट्रॅक्टरवर बसून ते काम करू लागला, ज्याला आधी घरातली सगळी माणसे लागत. मजुरी वाचली, पाठ वाचली. मात्र एक गोष्ट हातातून निसटली, ती म्हणजे माप.

१९/
लहान गठ्ठा चारणारा माणूस रोज मोजत असे : आज एवढे, उद्या एवढे. शेकडो किलोंचा गठ्ठा कुरणात ठेवून माणूस निघून जातो तेव्हा मोजणारे कोणी उरत नाही. गाई त्यावर तुटून पडतात, ओढतात, तुडवतात, उबेसाठी त्यावर बसतात आणि तेथेच शेण टाकतात. चिपळूणच्या छावणीत ज्याची भीती व्यक्त झाली होती, तेच येथे वेगळ्या रूपात घडले : समोर भरपूर आहे म्हणून उधळपट्टी. त्या छावणीत मापासाठी कारकून होता. येथे लोखंडी चौकट आली.

२०/
या चौकटींचे अनेक प्रकार निघाले. सर्वांत साधे म्हणजे गठ्ठ्याभोवतीचे गोल लोखंडी कडे. दुसरा शंकूच्या आकाराचा : त्यात गठ्ठा मधोमध उचलून धरलेला आणि बाहेरच्या कड्यापासून दूर. तिसरा पाळण्यासारखा, ज्यात दोन्ही बाजूंनी तोंड घालता येते. चौथा चाकांच्या गाडीवरचा. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी १६० गाईंवर या चारही प्रकारांची तुलना करून २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वाया गेलेले गवत असे : शंकू ३.५ टक्के, कडे ६.१ टक्के, गाडी ११.४ टक्के, पाळणा १४.६ टक्के.

२१/
गाई, गवत आणि हवामान तेच असता एवढा फरक का पडला? उत्तर लोखंडात कमी आणि गाईंच्या वागण्यात अधिक आहे. पाळण्यावर गाईंची आपसातील भांडणे इतर प्रकारांच्या जवळजवळ तिप्पट झाली, आणि तोंड आत-बाहेर करण्याचे प्रमाण चौपट. गाय दर वेळी डोके बाहेर काढते तेव्हा तोंडातील गवत बाहेर सांडते. शंकूत गठ्ठा आत दूर असल्याने गाईचे डोके कड्याच्या आतच राहते आणि पडलेला घास कड्यातच पडतो. चारही ठिकाणी गाईंनी खाल्लेले गवत जवळपास सारखेच होते. कमीजास्त झाली ती केवळ नासाडी.

२२/
प्रत्येक जनावराची रीत वेगळी. मिनेसोटा विद्यापीठाने घोड्यांवर केलेल्या अभ्यासात चौकटीविना जमिनीवर ठेवलेल्या गोल गठ्ठ्याचे ५७ टक्के गवत वाया गेले. चौकटींमध्ये हेच प्रमाण रचनेनुसार ५ ते ३३ टक्के होते. शेळी वर पाहून पाला ओरबाडणारी. खाली पडून मळलेल्या चाऱ्याला ती सहसा तोंड लावत नाही, म्हणून तिच्यासाठी उंचावरची जाळी आणि खाली पडलेले झेलणारी पन्हाळ हवी. मेंढीच्या डोक्यावर गवताचा भुगा पडला तर लोकर खराब होते. आणि खिलारसारख्या लांब शिंगांच्या गुरांना शिंगे नसलेल्या परदेशी गाईंसाठी बनवलेली अरुंद गजांची चौकट धोक्याची ठरते. शिंग अडकले की मानेवर बेतते.

२३/
महाराष्ट्रात हा प्रश्न दर दुष्काळात नव्याने उभा राहतो. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी आजही गावोगाव सांगितल्या जातात. २०१२-१३ आणि २०१८-१९ मध्ये मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्रात चारा छावण्या उघडाव्या लागल्या. दावणीला बांधलेली हजारो गुरे, बाहेरून आलेला ऊस किंवा मका, आणि प्रत्येक जनावरामागे मोजून दिलेला रोजचा चारा. साडेतीनशे वर्षांनीही व्यवस्था तीच : नेमून दिलेले माप आणि ते नोंदवणारी वही. मात्र तो मोजलेला चारा जमिनीवर टाकला गेला, तर वहीतील माप आणि पोटातील माप यांत अंतर पडतेच.

२४/
म्हणून गव्हाण निवडताना इतिहास पाच प्रश्न विचारायला शिकवतो. चारा जमिनीपासून आणि पायांपासून वेगळा राहतो का? जनावराचे डोके खाताना आत राहते का, म्हणजे सांडलेले गव्हाणीतच पडते का? दुबळ्या जनावराला ढुशी न खाता खाता येते का, म्हणजे जागा पुरेशी आहे का? वरून पाऊस आणि खालून ओल यांपासून चारा सुरक्षित आहे का? आणि या जनावराच्या उंचीला, शिंगांना, सवयीला ती जुळते का? पाचही उत्तरे होकारार्थी असतील, तर ती दगडाची आहे की लोखंडाची, हा प्रश्न दुय्यम.

२५/
सहावा प्रश्न पैशाचा. महाग चौकट प्रत्येकाला परवडेलच असे नाही आणि त्याची गरजही नाही. मिशिगनच्या आकड्यांवरून पाळणा आणि शंकू यांतील फरक शंभर गठ्ठ्यांमागे अकरा गठ्ठ्यांचा आहे. ज्याच्याकडे शंभर गठ्ठे आहेत त्याची चौकट लवकर फिटेल. ज्याच्या दावणीला दोन बैल आहेत, त्याला विटांची बुटकी भिंत, एक आडवे लाकूड आणि कुट्टी एवढे पुरते. दिवसातून एकदाच ढीग टाकण्याऐवजी दोन-तीन वेळा थोडे थोडे टाकले, तर त्याला काही खर्चही नाही.

२६/
खादनकोष्ठक, तोबरा, कुट्टी, लोखंडी शंकू : साहित्य बदलत गेले, विचार एकच राहिला. भुकेले जनावर हिशेब ठेवत नाही. तो माणसाने ठेवायचा, आणि रोज उभे राहून ठेवणे शक्य नसेल तर वस्तूच्या घडणीत बसवायचा. चिपळूणच्या पत्रात न मोजलेल्या गवताचा शेवट गाव सोडून जाणाऱ्या कुणब्यापाशी होतो. आजही एका गोठ्यात तुडवल्या गेलेल्या वैरणीची भरपाई कुठल्यातरी शेतातून, कुठल्यातरी विहिरीच्या पाण्यातून आणि कोणाच्यातरी श्रमातूनच होत असते.

(धागा समाप्त)